मॅगझिनमधली कामटी

"मॅगझिन रिकामी ठेवू नये, रिकामी राहिली का गळाले लागते."

नाटकातल्या पिस्तुलाबद्दलचं हे वाक्य सेवकराम शहारे पहिल्यांदा कंपनीच्या मालकाला, दुलीचंदला म्हणाला. पुढे त्याने ते इतक्यांदा म्हटलं की माणसं ते ऐकायची थांबली. नाटक कंपनीतली पोरं त्याच्या मागे त्याची नक्कल करत. मान थोडी वाकडी, हातात नसलेला पान्हा, आणि "गळाले लागते" म्हणताना खालचा ओठ पुढे. सेवकरामला हे माहीत होतं. लोक हसतात म्हणून काम बदलत नाही, एवढंच तो धरून होता.

सौंदडला स्टेशनवरून बाजाराकडे येताना डाव्या हाताला त्याचं दुकान. दोन माणसं आत शिरली तर तिसऱ्याने बाहेर थांबावं एवढं. पाटीवर स्टोव्ह, गॅसबत्ती, शेगडी, कुकर, लायटर, फवारणीचा पंप अशी नावं एकाखाली एक होती. वरची दोन नावं कोणी विचारत नव्हतं, पण त्याने ती खोडली नव्हती. आत भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्या शेजारी बुद्धाची, आणि खाली पाण्याने भरलेली एक निळी बादली. दुकानातलं सगळ्यात महत्त्वाचं अवजार ती बादली. वस्तू दुरुस्त झाली की तो ती बादलीत बुडवायचा आणि बसून राहायचा. बुडबुडा आला तर काम बाकी आहे. गिऱ्हाईक घाई करायचं. तो म्हणायचा, पाणी खोटं बोलत नाही, बस थोडा.

हे काम तो गोंदियाला छोटेलाल मिस्त्रीकडे शिकला. तिथे सहा वर्षं त्याने दुसऱ्यांच्या स्टोव्हची काजळी खरवडली. छोटेलालने त्याला एकच गोष्ट शिकवली असं तो सांगायचा. स्टोव्ह असो, कुकर असो, पंप असो, बिघाड एकच असतो: जे आत राहायला पाहिजे ते बाहेर येतं. ते कुठून येतं एवढं शोधायचं. बाकी सगळं वायसर आणि सबुरी.

तीस वर्षांत त्याच्या हातून गेलेल्या चार वस्तू गळून परत आल्या होत्या. चारही त्याला पाठ होत्या. एका लग्नातली गॅसबत्ती, दवाखान्यातल्या नर्सबाईंचा स्टोव्ह, शाळेच्या खिचडीचा मोठा कुकर, आणि कोसमतोंडीच्या एका शेतकऱ्याचा पंप. कोणी विचारलं नाही तरी तो त्या मोजून दाखवायचा. दुसरा माणूस असता तर परत न आलेल्या हजारो वस्तूंबद्दल बोलला असता. सेवकराम या चारांबद्दल बोलायचा, आणि त्यात त्याचा सगळा अभिमान होता. पाचवी नाही, हे तो शेवटी म्हणायचा. तेवढंच त्याच्याजवळ होतं.

मुलगा विवेक हा त्या दुकानाला लाजायचा. कॉलेजात असताना स्टेशनकडून यायचा तर रस्त्याच्या पलीकडल्या बाजूने. बापाच्या हाताला रॉकेलचा वास येतो, असं त्याने एकदा आईला सांगितलं होतं. रॉकेल बंद होऊन तेव्हा वर्षं झाली होती. पोलिस भरतीत तो दोनदा धावला, दोनदा राहिला, आणि मग सडक अर्जुनीच्या दुलीचंदच्या नाटक कंपनीत गेला. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडईची जत्रा भरते, मंडईमागून शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि प्रत्येक गावाला नाटक लागतं. विवेक आधी हवालदार झाला, मग हिरोचा मित्र. हिरो दुसऱ्या कंपनीत पळाला तेव्हा विवेक हिरो झाला. पोस्टरवर नाव आलं: विवेककुमार. आडनाव आलं नाही. हिरोला आडनाव कायले पाहिजे, असं दुलीचंद म्हणाला. सेवकरामने पोस्टर दोन्ही हातांत धरून पाहिलं, परत गुंडाळलं आणि बायकोकडे दिलं. पार्वताबाईने ते कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं.

पिस्तुलं आणली ती दुलीचंदने. त्याआधी नाटकात गोळी सुटायची ती पडद्यामागे. एक माणूस जमिनीवर फळी आपटायचा. बोदलकशाच्या मंडईत व्हिलन आधी पडला आणि फळी मागून वाजली. समोरून कोणी तरी म्हणालं, "काऊन बे, गोळी एसटीनं येऊन राहिली काय?" सगळा मंडप हसला. दुलीचंदला ते फार लागलं. पुढच्या हंगामाला त्याने नागपूरच्या कोणाकडून गॅसवर चालणारी तीन पिस्तुलं आणली. वजन खऱ्यासारखं. मुठीत खालून सरकवायची गोळ्यांची पेटी, म्हणजे मॅगझिन. तिच्या खालून लायटरचा गॅस भरायचा. चाप ओढला की वरचा भाग झटक्याने मागे जातो, पुढे येतो, आणि नळीतून पांढरी वाफ निघते. मुळात ती प्लॅस्टिकच्या गोळ्या मारायला बनवलेली, ज्वारीच्या दाण्याहून थोडी मोठी गोळी. नाटकाला गोळी लागत नाही, आवाज आणि वाफ लागते. गोळ्यांची पाकिटं दुलीचंदने कंपनीच्या ट्रंकेत तशीच टाकून दिली.

पहिला हंगाम पिस्तुलांनी गाजवला. दुसऱ्या हंगामात ती गळू लागली. संध्याकाळी भरलेला गॅस दुसऱ्या अंकापर्यंत टिकेना. हिरो हात ताठ करून उभा, आणि पिस्तुल नुसतं सुस्कारा टाकतं. लोक फळीला हसले होते त्यापेक्षा जास्त हसले. गोंदियात दुलीचंदने घड्याळवाल्याला दाखवलं, कुलूपवाल्याला दाखवलं. दोघांनी हात वर केले. मग एका दुपारी विवेक कापडात गुंडाळलेल्या तीन मॅगझिनी घेऊन बापाच्या दुकानात आला. रस्त्याच्या अलीकडल्या बाजूने. बाबा, हे पाहून देता काय, असं म्हणाला.

सेवकरामने ते वाक्य किती वेळा मनात घोळवलं असेल कोणाला माहीत. पोराने त्याच्या हातात पहिल्यांदा एक वस्तू दिली होती.

त्याने एक मॅगझिन पाण्यात धरली. बुडाच्या जोडातून बारीक, सरळ, न थांबणारी बुडबुड्यांची रेघ वर आली. त्याने गॅस सोडून दिला, खालची पट्टी सरकवून काढली, आतला झडपेचा स्क्रू फिरवायला पान्हा नव्हता म्हणून जुन्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला कानस मारून मधे खाच पाडली आणि त्याचाच पान्हा केला. आतली रबराची कडी कोरडी पडून चिरली होती. फवारणी पंपाच्या कड्यांच्या डब्यात त्याला जवळच्या मापाची कडी सापडली. ती बसवून त्याने शिवणयंत्राचं तेल लावलं, आणि ही त्याची चूक झाली. आठ दिवसांत रबर फुगलं. वस्तू कंपनीला गेली नव्हती, दुकानातच होती, म्हणून ती पाचवी धरायची नाही असं त्याने स्वतःशी ठरवलं. मग गोंदियाच्या एका जिममध्ये पळण्याच्या यंत्राच्या पट्ट्याला लावतात ते सिलिकॉनचं तेल त्याने छोट्या बाटलीत मागून आणलं. त्या तेलाने रबर फुगत नव्हतं. लायटरच्या गॅसमध्ये तेल नसतं, म्हणून भरण्याआधी एक थेंब तेल आत सोडायचं, हे त्याने स्वतःच शोधून काढलं. आणि हेही, की दुरुस्त मॅगझिन परत देताना तिच्यात थोडा गॅस ठेवायचा. आतून दाब असला की कड्या आपल्या जागी बसून राहतात. रिकामी ठेवली की त्या सैल पडतात, कोरड्या होतात, आणि पुढच्या वेळी भरलं की गळतं. म्हणून ते वाक्य.

दुसरी एक अडचण होती. मॅगझिनमध्ये गोळ्यांना वर ढकलणारा स्प्रिंगवरचा एक दट्ट्या असतो. गोळ्या संपल्या की तो वर येतो आणि पिस्तुलाचा वरचा भाग मागेच अडकून राहतो. नाटकात गोळ्याच नाहीत, म्हणजे पहिल्या चापालाच अडकणार. सेवकरामने बांबूची कामटी तासली, काडीपेटीच्या काडीएवढी, आणि दट्ट्या खाली दाबून ती त्या खाचेत ठोकून बसवली. आता वरचा भाग अडकत नव्हता. शिवाय कामटी आत असेपर्यंत त्या मॅगझिनमध्ये कोणी गोळी घालू म्हटलं तरी घालू शकत नव्हतं, जागाच नव्हती. हे त्याने विवेकला दोनदा समजावलं. विवेकने दोन्ही वेळा मान हलवली.

त्या हंगामात तो दर पंधरा दिवसांनी मॅगझिनी घेऊन यायचा. पिस्तुलं कंपनीच्या ट्रंकेत असायची, ट्रंकेची किल्ली विवेककडे. दुकानात यायच्या त्या फक्त मॅगझिनी. विवेक स्टुलावर बसायचा. गावोगावच्या गोष्टी सांगायचा, कुठे माईक बंद पडला, कुठे स्टेजवर कुत्रं चढलं. सेवकराम बादलीकडे पाहत ऐकायचा. त्याला बुडबुडे कमी यावेत असं वाटायचं आणि काम लवकर संपू नये असंही. पार्वताबाई म्हणायची, बापलेकाचं सूत जमलं. ते सूत म्हणजे रबराची एक कडी होती, पण होतं.

या वर्षी दिवाळीच्या आधी एक मॅगझिन कामटीशिवाय परत आली.

सेवकरामने ती उजेडात धरली. खाचेच्या कडेला पिवळ्या प्लॅस्टिकचा एक बारीक ओरखडा होता. त्याने विचारलं, "कामटी कुठं गेली बे?"

"पडली असन," विवेक म्हणाला.

ती पडणारी नव्हती. ती काढायला टोकदार वस्तू लागते आणि काढायचा इरादा लागतो. सेवकरामला समजलं की पोरगा कुठे तरी गोळ्या मारतो. नंतर समजलं तसं, तो कंपनीच्या गोदामामागे तलावाच्या पाळीवर बाटल्या मांडून मारत होता. बापाने ओरखडा नखाने घासून काढला, नवीन कामटी तासली, ठोकली. पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर विवेक चिडला असता, आणि पुढल्या वेळी मॅगझिनी दुसऱ्या कोणाच्या हाती पाठवल्या असत्या. एका स्टुलावर बसलेल्या पोरासाठी त्याने एक प्रश्न गिळला. गळती त्याला दिसली होती आणि त्याने ती सोडून दिली. तीस वर्षांत असं त्याने कधी केलं नव्हतं.

मॅगझिन त्याने बादलीत धरली. बुडबुडा नाही. थोडा गॅस ठेवला आणि दिली.

तालीम दुसऱ्या दिवशी दुपारी होती, दुलीचंदच्या तांदळाच्या गोदामात. तालमीला कधीच गॅस भरत नसत. गॅस वाया जातो म्हणून नट तोंडाने "ठो" म्हणायचे. रीता हिरॉइन होती. तिरोड्याकडची, सहा वर्षं नाटकात काम करणारी, विवेकपेक्षा अनुभवाने मोठी. प्रसंग असा होता की हिरोच्या हातून चुकून तिलाच गोळी लागते. विवेकने दुरुस्त होऊन आलेली मॅगझिन पिस्तुलात सरकवली, चार पावलांवरून हात ताठ केला आणि "ठो" म्हटलं. त्याच्या "ठो"बरोबर पिस्तुलही वाजलं. मॅगझिनमध्ये बापाने ठेवलेला गॅस होता, आणि नळीच्या मागच्या टोकाशी पाळीवरच्या खेळातली एक गोळी अडकून राहिली होती. मॅगझिन काढून घेतली तरी नळीत चढलेली गोळी पिस्तुलातच राहते, हे बाटल्या फोडणाऱ्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने विचारलंही नव्हतं.

रीता डोळ्यावर हात दाबून खाली बसली, मग आडवी झाली. गोदामात बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. एवढं चांगलं पडणं तिने आधी कधी केलं नव्हतं. बोटांमधून रक्त दिसायला थोडा वेळ गेला.

नागपूरला तीन आठवडे गेले. डावा डोळा राहिला, नजर राहिली नाही. आता त्या डोळ्यानं उजेड दिसते, माणूस दिसत नाही, असं ती भेटायला गेलेल्यांना सांगायची, जणू गावातल्या लाइटबद्दल सांगते आहे. तिचा भाऊ गजेंद्र दुलीचंदच्या दारात येऊन बसला. भरपाईची गोष्ट काढली तेव्हा त्याने दुलीचंदला बोलू दिलं नाही. त्याला माणूस पाहिजे होता. हे कोणामुळे झालं ते माझ्या बहिणीसमोर सांगा, नाही तर मी ठाण्यात जातो, एवढंच तो म्हणत राहिला. आणि आमच्या नक्षलग्रस्त जिल्ह्यात ठाण्यात पिस्तुल हा शब्द उच्चारला की पुढचे प्रश्न डोळ्याबद्दल नसतात. हे दुलीचंदला माहीत होतं, गजेंद्रलाही.

माणूस शोधायला दुलीचंदला फार लांब जावं लागलं नाही. विवेकच्या नावाने संक्रांतीपर्यंत गावं ठरलेली होती, पोस्टरं छापून झाली होती. त्याने विवेकला बोलावून विचारलं, गॅस कोणी भरला होता? विवेक म्हणाला, मी नाही भरला. ते खरं होतं. मग कोणी? आणि विवेकने बापाचं वाक्य म्हणून दाखवलं. यावेळी नक्कल केली नाही. साध्या आवाजात म्हटलं, आणि ते वाक्य पहिल्यांदाच सगळ्यांनी नीट ऐकलं.

गोष्ट घरी आली ती पार्वताबाईच्या तोंडून. संध्याकाळी जेवताना तिने सांगितलं की उद्या अकरा वाजता दुलीचंदने बोलावलं आहे, आणि तिथे सेवकरामने हो म्हणायचं आहे. चुकून राहून गेलं म्हणायचं. टेस्ट करताना गोळी आत राहिली, गॅसही राहिला, वय झालं, डोळ्याला कमी दिसतं. दुलीचंद पुढचं पाहून घेईल.

"माह्याजवळ गोळ्याच नाहीत," सेवकराम म्हणाला.

"तुमचं काय जाते हो?" पार्वताबाईचा आवाज चढला नाही. "तुमाले कोन मंडईत बोलावते? तुमचं नाव कोन्या भिंतीवर लागून हाये? पोराचं आत्ता कुठं लागलं."

विवेक भिंतीला टेकून मोबाइल पाहत होता. पडद्याचा उजेड त्याच्या चेहऱ्यावर होता आणि बोट एकाच जागी थांबलेलं होतं. सेवकरामने त्याला विचारलं, "गोळी कुठं होती, विवेक?"

"गॅस तुमचाच होता ना बाबा," विवेक म्हणाला. "मी काय खोटं बोलून राहिलो? रिकामी दिली असती तं काई झालंच नसतं."

यातही काही खोटं नव्हतं. सेवकराम रात्रभर तेच उलटंपालटं करत राहिला असं पार्वताबाई पुढे सांगायची. गोळी असून गॅस नसता तर काही झालं नसतं. गॅस असून गोळी नसती तर नुसती वाफ निघाली असती. अर्धं त्याचं होतं, अर्धं पोराचं; आणि पोराच्या अर्ध्यातही त्याचा न विचारलेला प्रश्न होता. डोळा मात्र अर्धा गेला नव्हता.

सकाळी तो दाढी करून, धुतलेला सदरा घालून निघाला. सौंदडहून सडक अर्जुनीला जाताना तो आणि विवेक एकाच ऑटोत बसले. हायवेवर ट्रकांच्या रांगेत ऑटो बराच वेळ थांबला तेव्हा विवेकने त्याला पाणी विचारलं. त्याने नको म्हटलं.

गोदामातल्या ऑफिसात पाच खुर्च्या होत्या. दुलीचंद, रीता, गजेंद्र, विवेक. पाचवीवर पोस्टरांचा गठ्ठा होता. तो कोणी उचलला नाही, म्हणून सेवकराम ट्रंकेवर बसला. त्याच ट्रंकेत पिस्तुलं असायची. भिंतीवर नव्या नाटकाचं पोस्टर होतं. विवेक आणि रीता पाठीला पाठ लावून, दोघांचे चारही डोळे समोर. रीताने काळा चष्मा लावला होता आणि त्याच्या आत डाव्या बाजूला पांढरी पट्टी दिसत होती. टेबलावर कपड्याच्या घडीवर ती मॅगझिन ठेवलेली होती. त्या दिवसानंतर दुलीचंदने तिला हात लावू दिला नव्हता. सेवकरामला बसल्या जागेवरून खाचेतली कामटी दिसली. बांबूचा रंग अजून कच्चा, हिरवट पिवळा. ती तिथे होती म्हणजे त्या मॅगझिनमध्ये त्या दिवशी गोळी असूच शकत नव्हती. उचलून दाखवायचं, बस. न शिकलेल्या माणसालाही पटलं असतं. मग उरलं असतं पिस्तुल, आणि विवेककडची ट्रंकेची किल्ली.

दुलीचंदने सुरुवात केली. त्याचा आवाज नेहमी हिंदीत मोठा आणि मराठीत लहान व्हायचा. "देखो सेवकरामजी, इथं कोनी तुमाले फाशी देऊन नाही राहिलं. घर की बात है. रीता घरची पोरगी, तुमी घरचे. मॅगझिनमधी गॅस होता का?"

"होता," सेवकराम म्हणाला.

"कोनं ठेवला?"

"मी."

दुलीचंदने गजेंद्रकडे पाहिलं, जसं गणित सुटल्यावर मास्तर पाहतात. मग सगळं तोच सांगत गेला. म्हातारा माणूस आहे, मन साफ आहे, सवय आहे, वस्तू तपासताना गोळी टाकून पाहिली असेल, राहून गेली असेल. मुद्दाम कोण करतं? गजेंद्र मधे एकदाच बोलला. स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्याच्या हातात असली वस्तू दिलीच कोणी, असं त्याने विचारलं, आणि दुलीचंदने हात जोडले, चूक मान्य केली, पुढे नागपूरहूनच दुरुस्त करून आणू असं सांगितलं. सेवकरामने हे सगळं ऐकलं. त्याच्या तीस वर्षांचा निकाल एका वाक्यात लागला होता आणि त्याच्याशी कोणी बोलतही नव्हतं. विवेक खुर्चीच्या हातावरचं सोललेलं रेक्झिन बोटाने आणखी सोलत होता.

तेव्हा रीता बोलली. आतापर्यंत ती पोस्टरकडे तोंड करून बसली होती.

"काका, तुमी सांगा. तुमी सांगसान ते मी मानन. गोळी कशात होती? याच्यात, का पिस्तुलात?"

दुलीचंद काही म्हणायला गेला. तिने हात वर केला. ती पुढे म्हणाली, भांडायचं नाही मला. पण संक्रांतीनंतर मी परत उभी राहणार, एका डोळ्यानं राहणार. समोर कोण पिस्तुल धरून उभं आहे, एवढं मला माहीत पाहिजे.

बाहेर कोणी तरी पोती उतरवत होतं, त्यांचा धप्प धप्प आवाज येत होता. सेवकरामने विवेककडे पाहिलं. विवेकने पाहिलं नाही. तो रेक्झिन सोलत राहिला.

सेवकराम ट्रंकेवरून उठला. टेबलाजवळ आला. मॅगझिन हातात घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरली. गजेंद्र पुढे झुकला. दुलीचंदचा चेहरा उतरला. विवेकचं बोट थांबलं.

सेवकरामने टेबलावरची टाचणी उचलून खाचेत घातली आणि कामटी उपसून काढली. दट्ट्या टक् करून वर आला, आणि मॅगझिनमध्ये गोळीला जागा झाली. कामटी त्याने सदऱ्याच्या खिशात टाकली, सावकाश, चष्म्याच्या काडीशेजारी. मग मॅगझिन उलटी करून बुडाचं तोंड नखाने दाबलं. आतला गॅस सरकन बाहेर आला. त्याच्या बोटांवर पांढरं दव धरलं आणि तो ते दाबूनच उभा राहिला, आवाज बारीक होत होत बंद पडेपर्यंत. खोलीत लायटरचा वास पसरला. रीताचा उजवा डोळा चष्म्याच्या वरून त्याच्या खिशावर खिळलेला होता.

त्याने रिकामी मॅगझिन तिच्यासमोर कपड्यावर ठेवली.

दाराशी वाकून त्याने चपला सारख्या केल्या, पायांत घातल्या, आणि कोणाकडे न पाहता तो बाहेर पडला.